दोन वितींचं कडं

संपादकांनी पत्रात लिहिलंय, 'मास्तर, तुमच्या नोकरीतले रोमहर्षक प्रसंग लिहा.' आता ड्रिल मास्तराच्या नोकरीत रोमहर्षक काय असायचं? तीस-बत्तीस वर्षं शिट्टी फुंकली, पोरांना रांगेत उभं केलं, फक्कीनं मैदान आखलं आणि पावसानं ते पुसलं की पुन्हा आखलं. पण एक गोष्ट आहे. ती माझ्या फजितीची आहे आणि मी आजवर बायकोलाही ती अर्धीच सांगितलीय. उरलेली अर्धी मलाच फार उशिरा कळली.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट, रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या आधीची. परभणीला मॅट्रिकच्या पुढचे दोन वर्ग शाळेच्याच इमारतीत भरायचे. पाटीवर काहीही असो, गाव त्याला हौसेनं कॉलेज म्हणायचं. शिकवणं उर्दूत, भांडणं मराठीत. मी मूळचा ताडकळसचा. सरकारनं मला सहा आठवडे हैदराबादला ट्रेनिंगला धाडलं, तिथं मी बास्केटबॉल हा खेळ पहिल्यांदा पाहिला आणि चक्क प्रेमातच पडलो. परत येताना एक चामड्याचा बॉल, एक पंप आणि भरपूर रुबाब घेऊन आलो.

बॉल आला, पण रिंग कुठं होती? दोन लिंबाचे सोट रोवले, वर फळ्या ठोकल्या, भोयाकडून जाळं विणून घेतलं. रिंगसाठी लोहाराकडं गेलो. सटवाजी लोहार मोटेच्या तोंडाला बसवायची लोखंडी कडी करायचा. नियमाप्रमाणं रिंग आरपार अठरा इंच हवी. माझ्याजवळ फूटपट्टी नव्हती, पण ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं पक्कं डोक्यात होतं की माणसाची वीत नऊ इंच. म्हणजे दोन विती. मी भट्टीपुढं उकिडवा बसलो, एकेका कड्याला वीत लावत गेलो आणि एका कड्यावर बरोब्बर दोन विती भरल्या.

"हेच!" मी म्हणालो. "आणखी एक असंच काढा."

कडी उचलून न्यायला दोन पोरं आणली होती. त्यातल्या मन्मथनं तोंड उघडलं. "मास्तर..."

"काय रे?"

"काई न्हाई," तो म्हणाला आणि कडं खांद्यावर टाकून चालू लागला.

हा मन्मथ म्हणजे कापड बाजारातल्या शिवलिंगअप्पांचा थोरला. सहा फूट उंच, बोलणं मोजकं. मैदानात उतरण्याआधी गळ्यातलं लिंग बनियनच्या आत नीट खोचायचा, वरून एकदा हात फिरवायचा, मगच बॉलला शिवायचा. त्याला मी कॅप्टन केलं. दुसरा पोखर्णीचा ज्ञानोबा, शेतकऱ्याचं पोर. गोफण फिरवून पाखरं उडवण्यात हयात गेलेली, त्यामुळं बॉल मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला फेकायचा आणि तो नेमका जायचा. तिसरा युसुफ, कचेरीतल्या पेशकारसाहेबांचा मुलगा. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ कात्रीसारखी. बाकीची चार-पाच पोरं होती, पण संघ म्हणजे हे तिघं.

आता बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. या खेळात बॉल घेऊन पळता येत नाही. पळायचं तर जमिनीवर टप्पे मारत पळावं लागतं. आमचं मैदान होतं काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. टप्पा मारला की बॉल भेगेत बसायचा आणि तिथंच मुक्काम करायचा. मग आम्ही टप्पा सोडूनच दिला. नुसता पास. याच्याकडून त्याच्याकडं, त्याच्याकडून तिसऱ्याकडं, बॉल भुईला लागूच द्यायचा नाही. बाहेरचे संघ आले की टप्पा मारायला जायचे आणि वाकून बॉल शोधत बसायचे, तोवर आमचा ज्ञानोबा तिकडं कडं गाठायचा.

गावाला हा खेळ काही केल्या पटत नव्हता. बाजाराच्या दिवशी एक म्हातारे पाटील कुंपणाशी तासभर उभे राहिले आणि मला बोलावून म्हणाले, "मास्तर, एवढ्या येळापासून बघायलोय. पोरं त्या जाळ्यात चेंडू टाकायलेत अन् तो खालून पडायलाय. त्याला बूड कामून लावत न्हाईत? एकदा टाकला की बसंल गुमान." मी त्यांना पंधरा मिनिटं नियम समजावून सांगितले. ते सगळं ऐकून म्हणाले, "बरं. पण बूड लावा."

खरी अडचण शिवलिंगअप्पांची होती. मन्मथ रोज संध्याकाळी मैदानावर, आणि दुकानात संध्याकाळीच गिऱ्हाईक. त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो तेव्हा ते गादीवर बसून एका बाईला लुगडं मोजून देत होते. लोखंडी गज कापडावर टेकवायचे, अंगठ्यानं दाबायचे, आणि प्रत्येक गजाला चार बोटं जास्त सोडायचे. अप्पांच्या मापाची ख्याती अशी, की दुसऱ्या दुकानातून घेतलेलं कापड लोक त्यांच्याकडं मोजायला आणायचे.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "पोराला पुढं हैदराबादला जायचं म्हणं. बी.ए. करायचं. अन् इथं तर दिवसभर चेंडू फेकायलाय. मला सांगा, ह्याला मी शिकणारा समजू का खेळणारा?"

"अप्पा, पोरगं हुशार आहे. यंदा सुभ्याचा कप आणील बघा."

"कप?" अप्पांनी गज खाली ठेवला. "बरं. तुमीच म्हणलात म्हणून सांगतो. एक साल. कप आणला तर हैदराबादला जाऊ दे, मी अडवणार न्हाई. न्हाई आणला तर गादीवर बसायचं. मंजूर का रे?"

मन्मथ दाराशी उभा होता. "मंजूर," तो म्हणाला.

"अन् मास्तर, तुमी साक्षीला."

"हो हो!" मी म्हणालो. माझ्या बापाचं काय जात होतं!

त्या हंगामात आम्ही घरच्या मैदानावर एकही सामना हरलो नाही. येणारा प्रत्येक संघ कुरकुरायचा, "रिंग छोटी वाटतीय." मी सांगायचो, "रिंग छोटी नाही बाळांनो, नेम मोठा करा." नांदेडचा संघ शेवटी आला. फार तयारीचा संघ. रेल्वेनं आला, चुडाव्याला गाडी खोळंबली म्हणून उशिरा पोचला आणि तरी हसत हसत उतरला. आम्ही आठ-सातनं पुढं होतो. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या कॅप्टननं लांबून बॉल टाकला. सुरेख टाकला, मी आजही डोळ्यांपुढं आणू शकतो. तो कड्यात निम्मा उतरला, एकदा इकडच्या, एकदा तिकडच्या लोखंडाला आपटला आणि बाहेर आला. शिट्टी वाजली. आम्ही औरंगाबादच्या फायनलला पोचलो.

नांदेडचे मास्तर वयस्कर, सभ्य माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, राग मानू नका, एकदा कडं मोजायचं का?"

"एकदा का, दहादा मोजा!" मी शिडी मागवली, सगळ्या गर्दीपुढं वर चढलो आणि मोठ्यानं ओरडत मोजलं. "ही एक! ही दोन! झालं समाधान?" लोकांनी टाळ्या पिटल्या. ते मास्तर नुसते हसले आणि नमस्कार करून गेले. शिडी धरून मन्मथ उभा होता. तो मान खाली घालून बनियनमध्ये काहीतरी खोचत राहिला. मला वाटलं, कॅप्टन आहे, मनातून सुखावला असेल.

औरंगाबादला आम्ही दोन दिवस आधी पोचलो. तिसऱ्या नंबरच्या सामन्यासाठी नांदेडचा संघही आला होता. दुपारी पोरांना घेऊन मैदान बघायला गेलो. टणक मुरमाचं मैदान, टप्पा मारला तर बॉल छातीपर्यंत उसळतोय. आणि वर बघतो तर काय, रिंग ही भली मोठी!

"मास्तर," ज्ञानोबा म्हणाला, "हे कडं न्हाई, रांजणाचं तोंड हाय. डोळं झाकून टाकलं तरी जाईल की."

माझं डोकंच सणकलं. युसुफच्या खांद्यावर चढलो, वीत लावली. दोन विती भरून वर चांगली तीन बोटं शिल्लक! घरच्या संघाला सोपं जावं म्हणून यांनी रिंग मोठी केलीय, दुसरं काय! मी तिथल्या तिथं युसुफला अर्ज लिहायला बसवलं. त्यानं खास उर्दूत असा काही अर्ज लिहिला की वाचताना मलाच भरून आलं. त्यात 'इन्साफ' हा शब्द चार ठिकाणी होता.

स्पर्धेचे अंमलदार साहेब आले. गोरेपान, शेरवानीतले, शांत. त्यांनी अर्ज वाचला, दाद दिली आणि खिशातून टेप काढली. शिपाई वर चढला, टेप लावली.

"अठारा इंच," शिपाई म्हणाला.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

पुन्हा अठरा. साहेबांनी माझा हात मागितला. मी पंजा ताणून धरला आणि त्यांनी त्याच्यावर टेप ठेवली. मग फार अदबीनं म्हणाले, "रिंग तो बराबर है मास्टर साहब. हाथ आपका छोटा है."

सगळं मैदान हसलं. नांदेडची पोरं हसली, शिपाई हसला, आमचा युसुफसुद्धा अर्जाआड तोंड लपवून हसला. मला वाटलं, त्या मुरमाला आमच्या मैदानासारखी एखादी भेग असती तर बरं झालं असतं.

एवढ्यावर भागलं असतं. माझं हसं झालं, बाकी काही नाही, दोन दिवसांनी फायनल. साहेब टेप गुंडाळून निघाले. तेवढ्यात मन्मथ पुढं झाला.

"साहेब, म्हणजे आमचं कडं लहान हाय. नांदेडचा शेवटचा बॉल आत गेला असता. ती मॅच धरू नका."

मी त्याचा सदरा मागून ओढला. "गप बस! तुला कुणी विचारलंय का?" हे माझे शब्द आहेत. ते मी तसेच लिहितोय, कारण नाहीतर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, "दुकानात गज आखूड निघाला तर अप्पा गिऱ्हाइकाला परत बोलावून मोजून देतेत."

"अरे, पण कपाचं काय? हैदराबादचं काय? तुझे अप्पा..."

"माहीत हाय."

साहेब थांबले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्टर साहब, आप क्या कहते हैं?"

सगळं माझ्यावर आलं. 'पोरगं आहे, सोडून द्या' एवढं मी बोललो असतो तर साहेब निघून गेले असते, त्यांनाही उगाच घोळ नकोच होता. त्या पोराचं पुढचं शिक्षण माझ्या एका वाक्यावर होतं, आणि बापलेकांच्या कराराला साक्षीदारही मीच. मन्मथ माझ्याकडं बघत नव्हता, ते बरं होतं. शेवटी मी म्हणालो, "लडका सच बोलता है, साहब."

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडशी पुन्हा सामना ठरला. जिंकणारा फायनलला.

काय खेळली पोरं! टप्पा मारायची सवय नव्हती, तरी पासवर पास, पासवर पास. लहान कड्यावर नेम बसलेला, त्यामुळं ज्ञानोबाचा बॉल लोखंडाला न शिवता आत जायचा. पण नांदेडच्या पोरांना आता टणक भुई मिळाली होती. ती टप्पे मारत अशी सुटायची की आमची पोरं बघतच राहायची, हे काय चाललंय म्हणून. एकोणीस-अठरा, नांदेड पुढं. शेवटचा बॉल मन्मथच्या हाती आला. त्यानं टाकला. बोर्डाला लागला, कड्यावर एक अख्खी फेरी मारली आणि बाहेर पडला. खऱ्या मापाच्या, अठरा इंचांच्या कड्यावरून पडला.

नांदेडचे ते वयस्कर मास्तर आले आणि त्यांनी मन्मथच्या पाठीवर हात ठेवला. जाताना माझ्या हाताकडं एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नांदेडनं कप जिंकला.

परभणीला उतरल्यावर मी तसाच मन्मथबरोबर दुकानात गेलो. वाटेत मनाशी भाषण जुळवलं होतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मुलाकडं बघितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी म्हणालो, "अप्पा, चूक माझी आहे. पोरानं उलट तुमचंच नाव राखलं. त्याला जाऊ द्या हैदराबादला."

"नाव राखलं, हे खरं," अप्पा म्हणाले. "पण मास्तर, कपावर ठरलं व्हतं. तुमी साक्षीला व्हतात. पोरानं माप पाळलं, आता बापानं मोडावं का?"

मी पुष्कळ वाद घातला. आवाजही चढवला. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मन्मथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर," आणि चपला काढून गादीवर जाऊन बसला. निघताना अप्पांनी दुकानातला एक जुना लोखंडी गज माझ्या हातात दिला. "ह्याचा अर्धा म्हणजे अठरा इंच. इथं येऊन विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

तो गज मी जन्मभर बाळगला. पुढं नोकरीत जिथं जिथं बदली झाली तिथं पहिल्या दिवशी रिंग मोजली. लोक हसायचे, हसू देत. आमची ती दोन कडी ज्ञानोबानं मागून नेली आणि पोखर्णीच्या विहिरीवर मोटेला बसवली. मोटेला ती अगदी बरोबर बसली म्हणे. युसुफ पुढं वकील झाला. त्याचे अर्ज मी वाचलेले असल्यामुळं मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

आणि मन्मथ कापड मोजत राहिला. बाजारात गेलो की मी त्या गल्लीतून जायचं टाळायचो. कुठं दिसला तर तोच नमस्कार करायचा आणि मीच घाईत असल्यासारखं करायचो. वर्षानुवर्षं मी हे केलं. मला त्याच्यापुढं उभं राहायची लाज वाटायची, झालं.

पेन्शनीत निघाल्यावर, मागच्या वर्षी, नातीला परकराचं कापड हवं होतं. ती मला हाताला धरून ज्या दुकानात घेऊन गेली ते नेमकं तेच. गादीवर मन्मथ, केस पांढरे, पोट सुटलेलं. आता त्यालाच सगळे अप्पा म्हणतात. त्यानं उठून माझ्या पायाला हात लावला आणि नातीला पेढा दिला. त्याचा मुलगा हैदराबादला शिकायलाय, असं त्यानं सहज सांगितलं. माझ्यानं राहवलं नाही.

"मन्मथ, माझ्या एका वितीपायी तुझं शिक्षण गेलं. त्या दिवशी मी फूटपट्टी आणली असती तर..."

तो हसायला लागला. माझा पंजा धरून समोरच्या गजावर ठेवला, बोटं स्वतः ताणली. कापडवाल्यांच्या गजावर सोळा खुणा असतात, त्यांना गिरह म्हणतात. "बगा, साडेतीन गिरह. वीत पाहिजे चार गिरह." मग स्वतःचा पंजा ठेवला. अंगठा एका खुणेवर, करंगळी बरोब्बर चौथ्या खुणेवर. "आमची वीत लहानपणीच अप्पांनी गजावर घासून बरोबर करून घेतली व्हती."

लोहाराच्या भट्टीपुढं उघडलेलं ते तोंड मला आठवलं.

"म्हणजे तुला..."

"पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. तुमी कडं मोजायलता तवाच. तीन बोटं कमी हाय, म्हणलं. पण तुमी एवढ्या रुबाबात बसला व्हतात, अन् मास्तरला कसं म्हणायचं, तुमची वीत लहान हाय?" तो पुन्हा हसला, पण या वेळी हसणं अर्ध्यातच थांबलं. "मग नांदेडवाल्यापुढं तुमी शिडीवर चढून मोजलं, तवाबी मी गप बसलो. कप पाहिजे व्हता मला. शिडी मीच धरली व्हती, मास्तर. ते रातदिस सलायचं. औरंगाबादला बोललो अन् सुटलो. अप्पा गादीवर बस म्हणले तवा वाईट वाटलं, पण उलटून बोलायला तोंड नव्हतं."

इतकी वर्षं मी त्याला तोंड चुकवत होतो. त्याला तेव्हा 'काई न्हाई' म्हणायला लावणारा माझा रुबाब मला आत्ता दिसत होता, आणि रडू येत होतं. नात माझ्याकडं बघायला लागली.

मन्मथनं परकराचं कापड गादीवर पसरलं. गज बाजूला सारला, दोन्ही हात वर धरले आणि डोळे बारीक करून मला विचारलं, "मग मास्तर, कुणाच्या वितीनं मोजू? तुमच्या का माझ्या?"

"तुमच्या," मी म्हणालो. "तुमच्याच वितीनं मोजा, अप्पा."